मापाबाहेरचं घर

डिंक्याला डिंक्या का म्हणायचे हे वेगळं सांगायला नको. उभा जन्म त्याने फाटके नकाशे चिकटवण्यात घालवला. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याच्या वळणावर, नकाशांचं दालन होतं. तिथे तो दिवसभर खळ कालवत बसायचा, जीर्ण नकाशांना मागून पातळ कागद लावायचा, आणि संध्याकाळी निघायच्या वेळी त्याची बोटं एकमेकांना चिकटलेली असायची. लग्न केलं नाही. तुझ्याशी चिकटेल कोण, असं मित्र चिडवायचे आणि तोही हसायचा.

शनिवारी दुपारी त्याच्या टेबलाभोवती बैठक भरायची. बैठक म्हणजे फार काही नाही, तीन माणसं आणि चहा. एक वकीलसाहेब. कोर्ट सुटलं होतं, पण आवाज अजून कोर्टातच होता. दुसऱ्या बाई. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवलेल्या, आणि पुराव्याशिवाय ऊन पडलंय हेसुद्धा मान्य न करणाऱ्या. तिसरा डिंक्या. आणि विषय एकच, जुने नकाशे आणि बुडालेली नगरं. समुद्रात कुठे ठिपका दिसला की वकीलसाहेब तिथे राजवाडा बांधून मोकळे व्हायचे. मग बाई चष्मा पुसत म्हणायच्या, "पुरावा?" आणि दोघांची जुंपायची.

त्यांची एक रीत होती. जुना नकाशा आला की डिंक्या त्यावर पारदर्शक कागद ठेवून सगळं पेन्सिलीने उतरवून घ्यायचा. मग एकेक गाव, एकेक बेट वादाला घ्यायचं. वकीलसाहेबांनी बाजू मांडायची, बाईंनी उलटतपासणी करायची. टिकलं तर राहिलं. नाही टिकलं तर बाई खोडरबर उचलायच्या, गाव खोडायच्या आणि वर फुंकर मारायच्या. दोघांचं जमलं नाही तर डिंक्याचं मत. डिंक्या बहुतेक वेळा बाईंकडेच झुकायचा. त्याला आतल्या गोष्टी ठाऊक होत्या ना! "अहो, कसला बुडालेला खंड घेऊन बसलात," तो म्हणायचा, "कुणीतरी चहाचा कप ठेवलाय त्यावर." वकीलसाहेब मग पुढचा तासभर त्याच्याशी बोलायचे नाहीत.

त्या शनिवारी आभाळ असं दाटून आलं होतं की भरदुपारी दिवा लावावा लागला. टेबलावर कातड्यावरचा एक नकाशा होता. कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेला. इतका जुना, की कितव्या शतकातला हे सांगायला बाईसुद्धा धजावत नव्हत्या. गुंडाळी उलगडताना तडकू नये म्हणून डिंक्याने तो सकाळपासून दमट टीपकागदांखाली ठेवला होता. कातडं दमट झालं की त्याला वास सुटतो. गोठ्यासारखा, ऊबदार, जनावर जवळच कुठेतरी उभं असल्यासारखा. डिंक्याला तो वास कधी आवडला नव्हता.

तोवर जेवढं दिसत होतं तेवढ्यावर वाद झडून गेला होता. एक नदी, दोन्ही काठांना वस्ती, अक्षरं कुणाच्याच ओळखीची नाहीत.

"हे घ्या तुमचं हरवलेलं नगर!" वकीलसाहेबांनी टेबलावर थाप मारली.

"रिकामटेकड्या माणसाचा दुपारचा उद्योग," बाई म्हणाल्या. "डिंक्या, तुम्ही बोला."

"खोडा," डिंक्या म्हणाला.

बाईंनी कागदावरची वस्ती खोडली, फुंकर मारली, आणि दोघंही चहा आणायला खाली गेले. वकीलसाहेब अर्थातच फुरंगटून.

डिंक्याने टीपकागद उचलले. दमटपणाने पुसट रेघा वर आल्या होत्या. त्याने दिवा जवळ ओढला. नदीचं वळण बघून त्याला नुसतंच बरं वाटलं, ओळखीचं काही दिसलं की वाटतं तसं. मग त्याला पूल दिसला. पुलाच्या अलीकडे बसथांब्याचा गोल. गोलाच्या मागे एक चौकोनी इमारत, तिला मागच्या अंगाला जोडलेली एक खोली. तो त्या खोलीकडे बघत राहिला. ती हीच खोली होती. आणि तो पूल तर त्याच्या डोळ्यांदेखत, तो शाळेत असताना बांधलेला!

तेवढ्यात कुणीतरी बोलल्याचं त्याला ऐकू आलं.

खालच्या पहारेकऱ्याचा रेडिओ असेल म्हणून त्याने आधी दुर्लक्ष केलं. पण आवाज खालून नव्हता. टेबलावरून होता. डिंक्या वाकला, आणखी वाकला, आणि शेवटी त्याने त्या ओलसर कातड्याला कान लावला. शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं तसं स्वच्छ ऐकू येत होतं. तिघं होते. एक बाई, दोन पुरुष. वाद चालला होता.

"…आता ही टाकी. पाण्याची म्हणतात. एवढ्या उंच खांबांवर? कोण बांधेल असं?"

"पुरावा?" बाईचा आवाज.

"नाही."

"मग खोडा."

घासल्याचा आवाज आला. खसखस, खसखस. मग कुणीतरी फुंकर मारली, आणि डिंक्याच्या कानाला गार वारा लागला.

तो ताडकन उठला आणि खिडकीशी गेला. ग्रंथालयाच्या मागे पाण्याची टाकी होती. त्याच्या आख्ख्या नोकरीत त्या खिडकीतून दुसरं काही दिसलंच नव्हतं. आता तिथे आभाळ होतं.

बाई आणि वकीलसाहेब कप घेऊन आत आले.

"टाकी कुठे गेली?" डिंक्याने विचारलं.

"कुठली टाकी?" दोघं एकदमच म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं म्हणून वकीलसाहेबांना हसू आलं.

डिंक्या हसला नाही. त्याने दोघांना दंडाला धरून टेबलाशी आणलं. "कान लावा. काही विचारू नका, नुसता कान लावा."

त्यांनी लावला. वकीलसाहेबांचा चेहरा उतरत गेला. बाईंच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला आणि थोडा चहा सांडला, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"पुढे… पुलापलीकडची गल्ली," आतून आवाज आला.

पुलापलीकडच्या गल्लीत ताई राहायची. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा डिंक्याला धड बोलताही येत नव्हतं. ताईने त्याला कडेवर घेऊन वाढवला, त्याच्या पायी स्वतःचं शिक्षण सोडलं, आणि आजही तो वेळेवर जेवला की नाही हे फोन करून विचारायची. जगात त्याचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं.

त्याने फोन लावला.

"अरे, कामावर ना तू?" ताई म्हणाली.

"ताई, घराबाहेर पड. पूल ओलांडून इकडे ये. आत्ताच्या आत्ता."

"हे काय खूळ आता? गॅसवर भाजी आहे."

"राहू दे भाजी! ताई, ऐक माझं, तुझ्या पाया पडतो…"

"बरं बरं, येते. गॅस बंद करते, चप्पल शोधते. असा ओरडू नकोस बाबा, छातीत धडधडतं माझ्या," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिचे गुडघे दुखत होते. जिना उतरायलाच तिला किती वेळ लागायचा हे डिंक्याला माहीत होतं.

इकडे वकीलसाहेब टेबलावर ओणवे झाले होते. "थांबा!" ते कातड्यात तोंड घालून गरजले. "माणसं राहतात तिथे! माझ्या मित्राची बहीण राहते! साक्ष काढतो मी, हवी तेवढी साक्ष काढतो!" ज्या आवाजाने न्यायाधीश दचकायचे त्या आवाजाने ते ओरडत होते. आतल्या लोकांना एक शब्दही पोचत नव्हता.

"गल्ली म्हणावी असं काही दिसत नाही इथे," आतला एक पुरुष म्हणाला. "नुसता डाग आहे. काहीतरी सांडलेलं असणार."

हे तर डिंक्याचंच बोलणं. शब्दाला शब्द. त्याला स्वतःची अशी काही लाज वाटली की सांगता सोय नाही.

त्याच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. फाटलेलं जोडायचं, पण नसलेली रेघ काढायची नाही. आपल्या पदरची एकही रेघ नाही. डिंक्याने ते आजवर पाळलं होतं. आता त्याने दौत उघडली, टाक बुडवला आणि त्या डागावर गल्ली काढायला घेतली.

हात झरझर चालला. गल्लीचं तोंड. कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब. ताईचं घर, त्याचा दगडी जिना, वरचा सज्जा. शाळा सुटायच्या वेळी ती सज्ज्यातून वाकून त्याची वाट बघायची, तो कठडासुद्धा त्याने काढला. ओल्या कातड्यात शाई खोल मुरत गेली.

आतलं बोलणं थांबलं.

"जरा इकडे बघा… हे मघाशी नव्हतं दिसलं."

"किती स्वच्छ काढलंय!"

"ज्याने काढलं तो इथे राहिलेला असणार," बाईचा आवाज म्हणाला. "इतकं उगाच कुणी काढत नाही. ही गल्ली ठेवा."

डिंक्याला रडूच फुटलं. वकीलसाहेबांनी त्याच्या पाठीत अशी थाप मारली की तो टेबलावर आदळता आदळता राहिला. जिंकलो रे, जिंकलो, म्हणत त्यांनी स्वतःचेही डोळे पुसले.

बाई मात्र नकाशाकडे बघत होत्या. "डिंक्या," त्या हळूच म्हणाल्या. "माप…"

डिंक्याने पाहिलं. ताईचं घर ग्रंथालयाहून मोठं झालं होतं. जिना पुलाएवढा. सज्जा नदी ओलांडून अलीकडच्या काठावर आला होता. जन्मभर ज्याने केसाएवढी चूक होऊ दिली नाही तो मापच विसरला होता. मायेच्या माणसाचं घर काढताना कुणाला माप राहतं?

"पण मग एक अडचण आहे," आतून आवाज आला. "ही गल्ली एवढी मोठी, तर समोरच्या काठाला जागाच उरत नाही."

"दोन्ही काठ खरे असूच शकत नाहीत."

"ठळक कोणता आहे?"

"गल्लीचा."

"मग फिकट तो खोडा," बाईचा आवाज म्हणाला.

डिंक्याने ओला कापूस उचलला. शाई मुरली होती, तरी अजून जोर लावून घासली तर निघाली असती. गल्ली निघाली असती, ताईचं घर निघालं असतं. कापूस त्या घरावर धरून तो उभा राहिला. त्याचा हात खाली जाईना.

"पुसू नका," बाई म्हणाल्या. त्यांचं घर याच काठावर होतं, घरी मांजर वाट बघत होतं. "मी नाही सांगणार तुम्हाला पुसायला."

"मी घरी फोन लावून येतो," वकीलसाहेब म्हणाले आणि बाहेर गेले. खसखस सुरू झाली. यावेळी कान लावायची गरज नव्हती, ती खोलीभर ऐकू येत होती. डिंक्या दाराकडे बघत राहिला. बाहेरच्या व्हरांड्यातला उजेड बदलत चालला होता, पांढरट होत होता.

"बाई… वकीलसाहेब अजून आले नाहीत."

"कोण वकीलसाहेब?" बाईंनी विचारलं.

त्याने दचकून मान वळवली. बाईंची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती. दिवसभर कुणी बसलंच नसावं अशी. टेबलावर सांडलेल्या चहाचा थेंबही नव्हता. खिडकीबाहेर आभाळ नव्हतं, अंधारही नव्हता. कोऱ्या कागदाचा असतो तसला पांढरेपणा काचेला येऊन टेकला होता.

फोन वाजला.

"अरे, काय चाललंय काय तिकडे?" ताईला धाप लागली होती. "तू म्हणालास म्हणून आले मी पुलावर. तर पुढे पूलच नाही! नुसतं पांढरं."

"ताई, मागे फीर. घरी जा. तुझं घर आहे ना?"

"आहे की. घराला काय धाड भरलीय? पण तू रे? इथले लोक म्हणतात, पलीकडे कधी काही नव्हतंच. चांगली भांडले मी. म्हटलं, माझा भाऊ आहे तिकडे, या हातांनी वाढवलाय मी त्याला…" ती थांबली. "इथे एक बाई भेटल्यात. भल्या आहेत बिचाऱ्या. त्यांच्याबरोबर आणखी दोघं आहेत. विचारतायत, भावाचं नाव काय, दिसतो कसा. म्हटलं, सांगते की, त्यात काय…"

ती पुढे बोलेना.

"ताई, सांग ना त्यांना."

"सांगते रे…"

डिंक्याने आपलं नाव सांगितलं. मोठ्याने सांगितलं. मग ओरडून, बेंबीच्या देठापासून, पुन्हा पुन्हा सांगितलं.

"आवाज तुटतोय तुझा," ताई म्हणाली. "थांबा हो बाई, सांगते… अगदी जिभेवर आहे माझ्या."

तिच्यामागून एक आवाज आला. मघापासून कातड्यातून ऐकलेला, तोच. पण आता किती मऊ, किती समजूतदार.

"आजी, आठवत नसेल तर राहू द्या."