फुली वर, गोल खाली

"आधी पाय बुडवा!"

कोंबड्यांच्या हॅचरीच्या दारात तो आडवा उभा होता. अंगात पांढरा कोट, केसांत पिल्लांची पिवळी लव, आणि बोट उंबऱ्यापाशी ठेवलेल्या औषधी पाण्याच्या ट्रेकडे. तिच्या छातीशी थर्माकोलचा खोका, खोक्यात अजगराची अंडी, आणि डोकं आधीच तापलेलं. ती काम करायची त्या सर्पोद्यानातला अंडी उबवायचा इनक्युबेटर सकाळीच बंद पडला होता, मेकॅनिक चार दिवसांची मुदत मागत होता, आणि हा माणूस म्हणतो पाय बुडवा!

"माझी अंडी गार पडताहेत!"

"आणि माझी पिल्लं आजारी पडली म्हणजे?"

तिनं पाय बुडवले, पण असे दणक्यात की त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. तो चिडायच्याऐवजी हसला... हसू बरं होतं, पण तिला तेव्हा सवड नव्हती.

"कसली अंडी?"

"अजगराची."

तो दोन पावलं मागे सरकला. "अहो बाई, इथं नुसती पिल्लंच पिल्लं आहेत! हॅचरी आत्याची आहे. तिला कळलं तर ती मला परत अंड्यात कोंबेल."

"घाबरलात?"

"मी? छे!" म्हणेपर्यंत खोका त्याच्या हातात होता.

मागच्या खोलीत एक छोटं यंत्र रिकामं होतं. तिनं हुकूम सोडले. काटा एकतीसच्या पुढे जाता कामा नये, अंड्यांच्या डब्याचं झाकण उघडायचं नाही, नाहीतर ओल उडते... आणि हा अंडी उलटणारा फिरता ट्रे आधी बाहेर काढा. त्यानं निमूटपणे काढला. यंत्रातल्या थर्मामीटरशेजारी तिनं आपलाही एक ठेवला, आणि कामावर जाताना-येताना काचेतून दोन्ही बघायला ती येऊ लागली. दोन्हींत कायम अर्ध्या डिग्रीचा फरक! तेवढ्या अर्ध्या डिग्रीवर त्यांचं 'अहो'चं 'अरे' झालं.

"तुझा थर्मामीटर खोटारडा आहे."

"नवाकोरा आहे, सापवाली."

"नवेच जास्त फसवतात."

"मीही नवाच आहे की... तुला."

ती काचेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. काटा जागचा हलला नव्हता, तिचे कान मात्र चांगलेच गरम झाले होते.

उद्यानातलं यंत्र दुरुस्त झालं त्या संध्याकाळी ती अंडी न्यायला आली आणि तिनं डब्याचं झाकण उघडलं. प्रत्येक अंड्यावर एक सुबक गोल काढलेला. अंडी आणण्याआधी तिनं प्रत्येकावर पेन्सिलीनं काढलेली फुली कुठंच दिसेना.

"हे... हे गोल कुणी काढले?"

"मी!" तो असा खुलला की बास. "तू एका बाजूला फुली काढलीस, दुसरी बाजू विसरलीस. आमच्यात अंडी हातानं उलटायची तर एकीकडे फुली, एकीकडे गोल करतात, म्हणजे घोळ होत नाही. तू फिरता ट्रे काढायला लावलास, तेव्हाच ओळखलं, बाईंना हातानं उलटलेली हवीत. झाकण पटकन लावायचो हं. एकदाही चुकलो नाही."

"अरे, साप नाही उलटत अंडी!" तिचा आवाज चिरकला. "आत पिल्लू वरच्या बाजूला चिकटलेलं असतं. उलटलं की गुदमरतं. फुली म्हणजे ही बाजू वर... कायमची वर!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला... तू सांगितलं नाहीस."

खरंच नव्हतं सांगितलं. सगळं सांगितलं होतं, आणि हे एवढं उघड आहे म्हणून राहून गेलं होतं. म्हणूनच ते वाक्य तिला जास्त झोंबलं. एकेक अंडं अलगद फिरवून तिनं फुली पुन्हा वर आणली, आणि खोका उचलून ती निघून गेली.

त्यानंतर अंडी एकामागून एक गेली. आधी पिवळी पडायची, मग आत दबायची, मग बुरशी धरायची. प्रत्येक अंडं तिनं स्वतः कुंपणाशी पुरलं. शेवटी चार उरली.

उद्यानाचे साहेब नाकाला रुमाल लावूनच आले. "फेकून दे सगळी. खोलीभर घाण सुटलीय."

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही फेकणार. सडलं ते पुरलं. या चारांवर टॉर्च धरली की आत लाल शिरा दिसतात. ही घ्या टॉर्च, बघा. मेलंय की जगलंय ते अंडं सांगेल, साहेब. तुम्ही नाही."

साहेबांनी टॉर्च घेतली नाही. "एक जरी फुटलं नाही, तर ही खोली बंद. तू तिकीट खिडकीवर."

"बसेन खिडकीवर! पण तोवर इथं कुणी हात लावायचा नाही. कुणीही नाही!"

हे शेवटचं दारात येऊन उभ्या राहिलेल्या त्यालाही होतं. साहेब गेले, तो नाही गेला.

"जा तू."

"नाही जाणार. ओरड, रागव, काय हवं ते कर. माझ्या हातून झालंय, तू दुसरी कामं करशील तेव्हा मी काटा बघत बसेन. हे बघ, हात खिशात."

आणि पठ्ठ्या खरोखरच बसला! रोज दुपारी स्टुलावर, दोन्ही हात खिशात. आत्यानं बजावलं होतं, सापाच्या वाऱ्याला उभा राहिलास तर घरात पाऊल ठेवायचं नाही.

"मग जेवतोस कुठं?" न राहवून तिनं विचारलंच.

"पायरीवर. ताट बाहेर आणून देते... वाढतेही नेहमीपेक्षा जास्त."

एका दुपारी ती पिंजरे धूत होती, तेवढ्यात त्याची बोंब ऐकू आली. "काटा चढतोय! बत्तीस... अगं, धाव!" ती पाइप टाकून धावली. नव्या थर्मोस्टॅटनं दगा दिला होता, आणि हा यंत्रासमोर घामाघूम, हात तसेच खिशात!

"अरे, मग दार उघड की!"

"तू म्हणालीस हात लावायचा नाही!"

तिनं दार उघडलं, बटण बंद केलं, काटा खाली येईपर्यंत श्वास धरला... आणि मग तिला हसू फुटलं. इतक्या दिवसांचं साठलेलं. हसता हसता डोळे भरून आले.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "अंडी फुटोत, न फुटोत."

"फुटतील," ती म्हणाली. "आधी ती फुटू देत. मग बोल."

आणि फुटलं! भर दुपारी, फुलीच्या अगदी शेजारी कवचाला बारीक चीर पडली. चिरेतून इवलंसं ओलं नाक बाहेर आलं, जीभ लवलवली, नाक पुन्हा आत गेलं. संध्याकाळपर्यंत आणखी एकानं डोकं काढलं. उरलेली दोन गेली ती गेलीच. त्यांच्यासाठी ती रडली, मनापासून रडली. मग डोळे पुसून साहेबांना बोलावून आणलं.

"बरं, बरं," साहेब खाकरले. "राहू दे खोली."

"नुसती राहू दे नाही, साहेब. दुसरा इनक्युबेटर हवाय."

साहेब बघतो म्हणून गेले. तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि त्याचा उजवा हात खिशातून ओढून काढला. तळव्यावर ठसठशीत फुली काढली.

"ही बाजू वर. तुझी आत्या ओरडो, माझी आई रुसो... उलटायचा नाही. आता बोल, काय बोलायचं होतं?"

"तेच," तो म्हणाला. "आवडतेस. फार."

"मलाही तू आवडतोस, कोंबडीवाल्या. चल."

"कुठं?"

"पायरीवर जेवायचे दिवस संपले तुझे."

हॅचरीच्या दारात आत्या कमरेवर हात ठेवून उभी. तिनं भाच्याकडे पाहिलं, हातात अडकलेल्या हाताकडे पाहिलं. "हीच का ती सापवाली?"

"हो, मीच," ती म्हणाली.

"आणि आत यायचंय?"

"यायचंय."

आणि आत्यानं बोट उचलायच्या आत तिनं दोन्ही पाय ट्रेमध्ये बुडवले.