ओठ हलवणारे चौतीस

“बाळ, तू नुसते ओठ हलव,” गाणेमास्तर हळूच म्हणाले. “समोरून तू फार छान दिसतेस.”

टिकलीने मान हलवली. पुढच्या ओळीला ओठही हलवले. दोन्ही जमलं.

शिबिराच्या पत्रकावर ‘वय वर्षे आठ ते ऐंशी, या, एकत्र गाऊ या’ असं ठळक छापलं होतं. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत, सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका शाळेत बासष्ट माणसं गायला जमली होती. बहुतेक जण जोडीने, सहकुटुंब, अगदीच नाही तर शेजाऱ्याचं बोट धरून आले होते. टिकलीला आईने फाटकाशी सोडलं आणि ती तशीच इस्पितळातल्या प्रयोगशाळेत कामावर गेली. बारा वर्षांच्या मुलीसोबत घरी थांबायला दुसरं कुणी नव्हतं. “रविवारी चारला कार्यक्रम आहे ना? तुला ऐकायला येते. रजा मंजूर झालीय,” आई म्हणाली होती. आईची रजा मंजूर होणं ही गोष्ट ग्रहणासारखी होती. कधीतरी होते आणि सगळे वर बघत राहतात.

शनिवारी दुपारी आईचा फोन आला.

“मग, काय काय गायलीस?”

“बरंच काही.”

“घसा दुखत नाही ना?”

“अजिबात नाही,” टिकली म्हणाली. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

जेवणाच्या टेबलांवर ‘उंच आवाज’, ‘मधला आवाज’, ‘खालचा आवाज’ अशा पाट्या होत्या. आवाज नसलेल्यांचं टेबल नव्हतं. टिकली ताट घेऊन जादा खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसली.

तिकडे गाणेमास्तर वेगळ्याच काळजीत होते. “माणसं बासष्ट आणि आवाज पंचवीस-तिसांचा! उरलेला जातो कुठे?” आधी त्यांनी खिडक्या बंद करून पाहिल्या. मग उघडून पाहिल्या. मग आवाज पडद्यांत मुरतो म्हणून सभागृहाचे सगळे पडदे उतरवले. शेवटी त्यांनी दुपारच्या जेवणावर संशय घेतला आणि दुसऱ्यांदा वाढणं बंद केलं.

न गाणाऱ्याला दोनच कामं असतात, उभं राहणं आणि बघणं. टिकली बघत होती. गाण्यात एक लांबलचक ओळ होती. ती यायच्या आधी गाणारे पोटभर श्वास घ्यायचे, की खांदे वर. पण तिच्या पुढचे नळदुरुस्तीवाले काका कपाटासारखे स्थिर होते. ओळ संपेपर्यंत गाणाऱ्यांचे चेहरे लाल झाले, काका ताजेतवाने. त्यांच्या पलीकडे तेरा वर्षांचा लांबू होता. त्याचेही खांदे जागचे हलले नाहीत.

चहाच्या वेळी तिने लांबूला गाठलं. त्याची दहा वर्षांची बहीण चष्मिस शेजारीच बिस्किट बुडवत होती.

“तू गात नाहीस,” टिकली म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“तुझे खांदे.”

लांबूने इकडेतिकडे पाहिलं. “कुणाला बोलू नकोस हं. सहायक ताई म्हणाल्या, आवाज फुटलाय, वर्षभर राहू दे.”

चष्मिसचं बिस्किट चहात पडलं. “म्हणजे तूपण? मला पियानोवाल्या काकांनी सांगितलं!”

“मग मला का नाही बोललीस?”

“तू चिडवलं असतंस.”

“चिडवलंच असतं,” लांबूने कबूल केलं.

टिकली म्हणाली, “मास्तरांचा हरवलेला आवाज पडद्यांत नाहीये. रांगेत उभा आहे.”

संध्याकाळच्या सरावाला तिघांनी रांगा वाटून घेतल्या आणि लांब ओळ आली की खांदे मोजले. तिघं धरून आकडा आला चौतीस. रविवारी सकाळी टिकलीने त्या चौतीसांतले ते तिघं सोडून बाकी प्रत्येकाच्या वहीत एकेक चिठ्ठी सरकवली: ‘तुम्हाला नुसते ओठ हलवायला सांगितलं आहे का? अकरा वाजता सातवीचा वर्ग. गुप्त.’

अकरा वाजता माणसं एकेक करून आली. कुणी छत्री शोधत आलं, कुणी पंखा बंद करायला. आत आल्यावर एकमेकांना पाहून सगळे असे दचकले, जणू चोरी करायला गेल्यावर घरात आधीच चोर भेटावेत. नळवाले काका सातवीच्या बाकात बसले ते अडकलेच.

“मला वाटलं, मी एकटाच,” ते म्हणाले.

“तिसरं वर्ष माझं,” पोस्टातून निवृत्त झालेल्या आजी म्हणाल्या. “तिन्ही वर्षं ओठ.”

“मग येता कशाला?” चष्मिसने विचारलं.

“रविवारी घरी फार शांत असतं गं.”

टिकलीने खाली, बाकावर कोरलेल्या नावांकडे पाहिलं.

तेवढ्यात लांबू सभागृहात जाऊन मास्तरांपुढे उभा राहिला. “सर, हरवलेला आवाज सापडला. सातवीत बसलाय.”

मास्तर आले, मागून सहायक ताई आणि पियानोवाले. दारातच तिघे थबकले.

“हे सगळे? मी तर चार-पाच जणांनाच सांगितलं होतं,” मास्तर म्हणाले.

“मी आठ-दहा,” पियानोवाले म्हणाले. “बारा धरा.”

सहायक ताई छताकडे बघत म्हणाल्या, “मग उरलेले माझे असणार.”

कुणाचं मन दुखावू नये म्हणून प्रत्येकाने गुपचूप सांगितलं होतं. इतकं गुपचूप, की एकमेकांनाही नाही. मास्तरांनी चष्मा पुसला. दोनदा पुसला.

“पण सगळ्यांनी तोंड उघडलं आणि गाणं बिघडलं तर?”

“सर,” टिकली म्हणाली, “पडदे काढून झाले. खिडक्या झाल्या. जेवणही झालं. आता आम्हीच उरलोय.”

मास्तरांनी भरलेल्या बाकांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, “चारला सगळे गातील. आणि कुणीतरी या काकांना बाकातून काढा.”

चार वाजता आई तिसऱ्या रांगेत होती, कामावरचेच बूट घालून. गाणं सुरू झालं. फार सुंदर झालं असं म्हणता येणार नाही. पण समोरचे लोक आपोआप खुर्चीत मागे सरकले, एवढं मोठं झालं. लांब ओळ आली. बासष्ट जणांचे खांदे वर गेले.

शेवटच्या सुरावर मास्तरांनी मूठ मिटली. अठ्ठावीस जण थांबले. बाकीचे थांबलेच नाहीत, कारण आवाज नसलेल्यांना थांबायचं कुठे हे कुणी शिकवलंच नव्हतं. सूर तसाच भरकटत पुढे गेला. आजी थांबल्या, लांबू थांबला, नळवाले काका थांबले. टिकलीचे डोळे मिटलेले होते. ती एकटीच आणखी चार क्षण गात राहिली.

टाळ्या पडल्यावर मास्तरांनी तिघांना पुढे बोलावलं. “तीस वर्षं मी गाणं शिकवतोय,” ते म्हणाले. “जे मला दिसलं नाही, ते या पोरांना दोन दिवसांत दिसलं. शाबास.” आजी सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होत्या.

फाटकाशी आईने टिकलीच्या हातातली बॅग घेतली.

“सगळ्यांत शेवटी थांबली ती तूच ना?”

“हो. चुकून.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “तेवढंच मला नीट ऐकू आलं.”