एल्गुजाने मुर्मानला जेवायला बोलावलं

दार लावून घे, बेसो. भुतांसाठी नाही रे, थंडीसाठी. आणि तामुना, तू हसायची तयारी करून बसलीयेस, ती जरा आवर. माझ्या नावावर बऱ्याच थापा आहेत, मान्य. गरुडाने माझी टोपी पळवली आणि आठवड्याने परत आणून दिली, ती थाप. धुऊन आणून दिली, ही त्याहून मोठी थाप. पण आजची गोष्ट माझ्या साडूची आहे. तुम्ही नवरा-बायको उद्या पहिल्यांदाच नवी मिनीबस घेऊन त्या रस्त्याने वर जाणार, म्हणून सांगतो. एरवी सांगत नाही. माझ्या बायकोसमोर तर मुळीच नाही.

मी दोन वर्षं जर्मनीत ट्रक हाकला, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे एकाने मला घरी जेवायला बोलावलं. म्हणाला, शनिवारी, साडेसहा ते साडेआठ. मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. साडेआठ? साडेआठला काय, दिवे घालवणार? आपल्या आमंत्रणाला सुरुवात असते, शेवट कुठे असतो? इथे परत आल्यावर वर्षभर मी ते सांगून लोकांना हसवलं. आपण जॉर्जियातली माणसं रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगत नाही, घरी घेऊन जातो. घरात काही नसलं तर शेजाऱ्याची कोंबडी कापतो. आणि कोणी बोलावलं तर नाही म्हणणं आपल्याला येत नाही. कधी कोणी शिकवलंच नाही. हा आपला गुण, असं मी छाती पुढे काढून सांगायचो. आता तेवढ्या जोरात सांगत नाही.

एल्गुजा म्हणजे या गुणाचा अर्क. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, लामाराचा नवरा. खाली आपल्या झुगदीदी शहरापासून वर मुल्दारी गावापर्यंत त्याची मिनीबस चालायची. समोरच्या काचेला तीन संतांची चित्रं, आणि त्यांच्या मधोमध त्याच्या फुटबॉल क्लबचा लाल मफलर. वाटेत चर्च दिसलं की हा एका हाताने टोपी काढणार, दुसऱ्याने तीनदा छातीवर क्रूसाची खूण करणार. तेवढा वेळ स्टिअरिंग देवाच्या हातात. परदेशी प्रवासी डोळे मिटून घ्यायचे. एल्गुजा मला म्हणायचा, "बघ, माझ्या गाडीत बसलं की परक्यांचीसुद्धा श्रद्धा वाढते."

तर तीन वर्षांपूर्वीची अठरा जानेवारी. बुधवार. एल्गुजा खाली आला होता तो मेणबत्त्या, अक्रोड आणि बायकोचा दुरुस्त केलेला चष्मा न्यायला. साधं काम. माझ्याकडे दोन घास खाऊन तो तीनच्या सुमाराला निघाला. घाई होती, कारण ती लिपानालीची रात्र. आमच्या वरच्या गावांत त्या रात्री घरोघरचे मेलेले घरी येतात. आजोबा, पणजोबा, लहानपणी गेलेली मुलं, सगळे. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, दार उघडं ठेवायचं, त्यांच्याआधी घास घ्यायचा नाही. सोमवारपर्यंत ते राहतात. मग त्यांना निरोप. भीतीचं काही नाही त्यात. घरचीच माणसं.

गाडीत एकच उतारू होती, त्सियाला बाई. मुल्दारीच्या शाळेत शिकवतात. नेमकं बोलतात आणि समोरच्याला गप्प करतात. पुढचं बरंचसं मला त्यांनी सांगितलं, म्हणजे त्यात माझी भर नाही, हे लक्षात घ्या.

एन्गुरी नदीच्या घळीत वर चढताना एक उजवं वळण लागतं. तिथे काळा दगड उभा आहे. त्यावर मुर्मान नावाच्या ट्रकवाल्याची अख्खी आकृती कोरलीय, जाकीट घातलेला, हातात सिगरेट. अकरा वर्षांपूर्वी लिपानालीलाच घरी निघाला होता. ट्रकसकट नदीत गेला. दगडासमोर छोटं दगडी टेबल, आणि कोनाड्यात बाटली आणि पेले. असे दगड तुम्ही पाहिलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबायचं, मेलेल्याच्या नावाने एक घोट घ्यायचा, आणि गाडी पुढे न्यायची. अपघाताच्या वळणावर दारू ठेवणारे आपणच. बाकीच्या जगात तिथे पाटी लावतात.

एल्गुजा तिथे नेहमी थांबायचा. त्या संध्याकाळीही थांबला. बाटली कोरडी होती. मुर्मानची आई वारली होती, भाऊ पोलंडला, बायको इटलीत कुणा म्हातारीची सेवा करायला गेलेली. घराला कुलूप, आणि बर्फाच्या वजनाने छप्परही बसलेलं. एल्गुजाला भरून आलं. त्याने स्वतःची बाटली काढून कोनाड्यातली भरली. एक पेला टेबलावर ओतला, एक स्वतः घेतला. आणि मोठ्याने म्हणाला, "मुर्मान, भाऊ, आज तुझ्यासाठी कोण रे टेबल मांडणार? चल आमच्याकडे. लामाराने मांस भरून कुबदारी भाजलीय. नाही म्हणू नकोस, मला राग येईल."

त्सियाला बाई खिडकीतून ओरडल्या, "एल्गुजा! मेलेल्यांनाही सोडत नाहीस का रे?"

"बाई, एका माणसाने काय जड होतं?"

"आपल्या घरचे असतात त्यांना वाट माहीत असते. येतात, जातात. परक्याला आणणं सोपं आहे. सोडायचं कोणी?"

"मी सोडीन की! माझी गाडी कशाला आहे?"

हसला. गाडी सुरू केली.

पुढे घाट चढताना बाईंनी बाजूला पाहिलं. त्यांनी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली होती. ती आता खाली, पायाशी होती. नीट ठेवलेली, कुणीतरी जागा करून घेतल्यासारखी. बाईंनी ती उचलून मांडीवर घेतली. नंतर त्या मला म्हणाल्या, "मी काचांकडे बघत होते. थंडीत श्वासाने काच धुरकटते ना? त्याच्यासमोरची धुरकटली होती. माझ्या बाजूची धुरकटली होती." मग हाताने दाखवलं. "आणि माझ्या पलीकडचीही."

बाई गावाच्या आधीच उतरल्या. उरलेलं चालत गेल्या. बर्फातून.

घरी मात्र एल्गुजा खुशीत. लामाराला म्हणाला, आज एक पेला जास्त ठेव, भट्टीच्या बाजूला, पाहुणा आलाय. तिने कपाळाला हात लावला, पण पेला ठेवला. काय करणार? आलेल्या पाहुण्याला ती तरी कसं परत पाठवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या मेलेल्यांचे पेले भरलेलेच. तसेच असतात, ते फक्त वास घेतात. भट्टीजवळचा पेला रिकामा. तिसऱ्या दिवशीही. एल्गुजाने मला फोन करून सांगितलं, "पाहुणा रंगलाय रे!" मी हसलो. मी म्हटलं, उंदराला चढली असेल, बघ कुठे गात पडलाय का.

लामारा हसत नव्हती. ती भट्टीजवळची खुर्ची झाडायला गेली, तर ती हलेना. लाकडी खुर्ची, एका हाताने उचलतो आपण. माणूस बसल्यावर हलत नाही, तशी.

सोमवार आला. निरोपाची रात्र. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले, मधली वाट मोकळी सोडली. एल्गुजाने दार उघडलं आणि म्हणाला, "सुखाने जा, पुढच्या वर्षी या." मेणबत्त्यांच्या ज्योती दाराकडे कलल्या. एकेक करून. दरवर्षी कलतात. कोणी जवळून गेल्यावर कलतात तशा.

एक कलली नाही.

भट्टीजवळची.

लामारा हळूच म्हणाली, "तो बसलाय अजून."

एल्गुजाने दार उघडंच धरून ठेवलं. 

मग अंगणात हॉर्न वाजला. एकदाच, अगदी बेताने. यजमानाला घाई करायला बरं वाटत नाही, पण उशीर होतोय, असा. गाडीची किल्ली आत, खिळ्याला लटकत होती. लामाराने भट्टीकडे पाहिलं. आता तिथली ज्योतही दाराकडे कलली होती. खुर्ची मागे सरकलेली होती.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "बर्फ पडतोय. रस्ता बंद केलाय."

"मीच म्हटलं होतं ना, सोडीन म्हणून."

"सकाळी सोड."

"लामारा, तो गाडीत बसलाय. त्याला आता काय सांगू? उतर म्हणू?"

तिने त्याची बाही धरली. किल्ली लपवायला हवी होती, असं ती नंतर म्हणत राहिली. पण तो तरी काय करणार होता? आणि ती तरी? अंगणात पाहुणा ताटकळत होता.

पुन्हा हॉर्न. तसाच. बेताने.

तो गेला.

रात्री पावणेबाराला माझा फोन वाजला. एल्गुजा. आवाज बारीक, हात तोंडावर धरून बोलल्यासारखा.

"पोचलो. उतरला तो. वळणावर."

"झालं तर! गाडी वळव आणि घरी जा."

"जात होतो रे. तो वळला. म्हणाला, मी पाच दिवस तुझ्याकडे जेवलो. आता तू माझ्याकडे ये."

तामुना, मी उठून दिवा लावला. मी म्हटलं, "नाही म्हण."

"कसं म्हणू?"

"कसं म्हणजे? म्हण... म्हण, बायको आजारी आहे."

"तो पाच दिवस घरीच होता. त्याने पाहिलंय तिला."

"पोटात अल्सर आहे म्हण! डॉक्टरने बंदी केलीय म्हण!"

"त्याच्यासमोर रोज प्यालो मी."

मी डोकं खाजवतोय, बेसो. पन्नाशीचा माणूस मी, थापांवर जगलेला. दोन देशांत पोलिसांना गंडवलंय. आणि मला एक थाप सुचेना. आमंत्रण टाळायची थाप माझ्याकडे नव्हतीच. कधी लागलीच नव्हती. शेवटी म्हटलं, "सांग, गाडी चालवायची आहे."

"सांगितलं. सगळे हसले."

"सगळे? सगळे कोण?"

...

"एल्गुजा? सगळे कोण?"

त्याच्यामागे आवाज येत होता. पेल्यांचा. बाकं सरकवल्याचा. मग गाणं सुरू झालं. आपलंच, तीन सुरांतलं. फार सुंदर गात होते, खोटं कशाला सांगू. खूप माणसं होती. त्या वळणावर एका बाजूला कडा आहे आणि एका बाजूला नदी. चार माणसं उभी राहायला जागा नाही.

"क्रूस कर," मी ओरडलो. "एल्गुजा, ऐकतोयस? आधी क्रूस कर!"

"केला."

"मग?"

"त्यांनीही केला. तीनदा." तो रडत होता असं मला वाटतं. "आपल्यासारखीच माणसं आहेत रे. मला टेबलाच्या वरच्या टोकाला, मानाने बसवलंय. माझ्या आईच्या नावाने पेला उचललाय. मधूनच कसा उठू?"

"उठ! मूर्खा, उठ!"

"बरं दिसत नाही..." तो म्हणाला.

मग कोणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला. हिसकावला नाही. हळूच, लाडाने. जेवताना फोन कसला, असा. आणि एक आवाज मला म्हणाला...

नाही. राहू दे. तो काय म्हणाला ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पत्ता विचारला, एवढंच समजा. मी फोन बंद केला. साडू तिकडे, आणि मी फोन बंद केला.

रात्रभर रस्ता बंद. पोलिसांना फोन केला, ते म्हणाले उजाडू द्या. लामारा दर दहा मिनिटांनी मला फोन करून विचारायची, "दाजी, लागला का?" एल्गुजाचा फोन लागतच नव्हता. संतांपुढे मेणबत्ती लावली. दुसरं काय करणार होतो? शहरात बसून?

पहाटे बर्फ काढणाऱ्या यंत्रावर बसून मी वर गेलो. गाडी वळणावर उभी होती. नीट, कडेला, हँडब्रेक ओढलेला. काचा शाबूत. एक ओरखडा नाही. आजूबाजूला गुडघाभर बर्फ, आणि त्यात एकही पाऊल नाही. उतरल्याचं नाही, गेल्याचं नाही. नदीत शोधलं. आठ दिवस शोधलं. काही नाही. आजपर्यंत नाही.

गाडी मीच वर नेली. चालकाच्या सीटवर एक गाठोडं होतं. पांढऱ्या कापडात बांधलेलं. गाडी रात्रभर बंद, आत माझा श्वास गोठत होता, आणि ते गाठोडं गरम होतं. मुल्दारीपर्यंत मी ते मांडीवर घेऊन गेलो. तेवढ्या वाटेत ते निवलं नाही.

लामारा दारात उभी होती. मी गाठोडं तिच्या हातात दिलं. तिने गाठ सोडली. वाफ आली. आत कुबदारी होती, मांस भरलेली जाड रोटी, वरून लोणी लावलेली, आत्ताच भट्टीतून काढावी तशी. कोणाच्या हातची, देव जाणे.

ती आत गेली आणि एल्गुजाची खुर्ची भिंतीला लावून ठेवली.

त्या खोऱ्यात पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेतलं की यजमान त्याच्या घरी त्याच्या वाटणीचं जेवण पाठवतो. घरच्यांनी जागत बसू नये म्हणून.