एकटा पडलेला ‘ॲज’

मारित नावाची तरुणी वाचनालयातल्या प्रिंटरपाशी धावतच पोचली, तेव्हा तिचा कागद एका अनोळखी मुलाच्या हातात होता. आणि तो त्यावर चक्क लाल पेनानं गोल काढत होता!

“ए! माझा आहे तो.”

“माझ्या कागदांत आला होता... सवयीनं हात गेला. इंग्रजी शिकवतो ना. मी ॲन्सेल.”

“मग विद्यार्थ्यांच्या वह्या रंगव! संध्याकाळपर्यंत हा अर्ज गेला नाही तर उत्तरेच्या संशोधन केंद्रावरची माझी जागा जाईल.”

गोल तिच्या लाडक्या वाक्याभोवतीच होता. आमचं यंत्र जुन्याइतकं किंवा त्याहून अचूक आहे. ‘ॲज ॲक्युरेट ऑर बेटर दॅन’.

“काय चुकलं त्यात?”

“इंग्रजीत ‘इतकं’ म्हणायला दोन ‘ॲज’ लागतात. एक अलीकडे, एक पलीकडे. ‘बेटर’ दिसताच तू दुसऱ्याला विसरलीस. पहिला बिचारा एकटाच...”

“सगळे असंच बोलतात! माझी आई, टीव्हीवरचा हवामानवाला...”

“म्हणूनच त्याची कुणाला दया येत नाही.”

“दया? अरे, अर्थ तर कळला ना?”

“नाही. ते यंत्र मोजतं काय?”

हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती तणतणतच सांगू लागली, “तलावावरच्या बर्फाचा आवाज! बर्फ जितका पातळ, तितका सूर बारीक.”

“बघ,” तो हसला, “रागात जोडी कशी अचूक जमते तुझी.”

डोळे मात्र छान तपकिरी होते त्याचे... आणि याचाही तिला रागच आला. पायऱ्या उतरताना तिनं दुसरा ‘ॲज’ घातला. त्याला मुळीच सांगितलं नाही.

मग कॉफीच्या टपरीवर रोज भांडण. रोज नवं वाक्य, नवा लाल गोल. जागा मिळाली ती बातमीही तिनं आधी त्यालाच दिली, तीसुद्धा तावातावानं.

निघायच्या सकाळी ओला बर्फ भुरभुरत होता. तिला उत्तरेला नेणारा ट्रक सुरू होता. ॲन्सेल लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन उभा... कान लाल.

“मारित, आय... आय लाइक यू ॲज मच ऑर मोअर दॅन...”

आणि त्यानं डबाच पुढे केला.

“दुसरा ‘ॲज’ कुठे गेला?” ती कडाडली. “माझ्या यंत्राच्या वाक्यात तो नाही हे तुला खपलं नाही, आणि इथे? इथे खाल्लास?”

“घाबरलो गं.”

“आणि ‘मोअर दॅन’ काय? कशाहून जास्त?”

“तेच सापडेना... एवढं मोठं काही आठवेना.”

तिनं डबा हिसकावला, दार आपटलं. ट्रक हलला, थांबला. काच खाली आली.

“आय लाइक यू ॲज मच ॲज यू लाइक मी! मोज, दोन्ही आहेत. तुझं वाक्य मात्र अर्धंच आहे. ऑगस्टमध्ये येते, तेव्हा पुरं ऐकव... आणि चुकलास तर बघ!”