बॅकअपमधला माणूस

कारखान्यात त्याला सगळे पंक्चरवाला म्हणत. डेटाबेस सांभाळायचा आणि कुठे फाटला की ठिगळ लावायचं, हेच त्याचं काम. त्या दुपारीही तो ठिगळच लावायला बसला होता. कामगारांच्या नोंदींचं एकच पान रोज नासत होतं. त्याने डिस्क बदलली, मेमरी बदलली, केबलसुद्धा बदलली. पण आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान, तीच सडकी अक्षरं.

त्या पानावर पहिलवान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगाराची नोंद होती. खालच्या पत्रा दाबायच्या प्रेसने महिन्यापूर्वी त्याचा हात धरला, खांद्यापर्यंत आत ओढला आणि डोकं चेचलं. तो मेला त्या सकाळचा बॅकअप तेवढा धड होता. नंतरचे सगळे नासके. म्हणून पंक्चरवाला रोज त्यातूनच पान परत आणायचा. आणलं की जरा वेळाने खाली प्रेस आपटायची. एकदाच, ओलसर. मग ओल्या लोखंडाचा वास जिना चढून वर यायचा.

दार ढकलून मेहुणा आत आला. बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ, पहिलवानाबरोबरच कामाला लागलेला. त्याच्या डाव्या मनगटावर पाच बोटांचे काळेनिळे वळ होते.

"भाऊजी, तुम्ही वर ते करता ना... तेव्हा तो खाली येतो."

"कोण?"

"पहिलवान. रोज येतो, रोज चेचला जातो. प्रेसचा मेन स्विच बंद असतो तरी. ओरडतो हो... आज त्याने मला धरलं. म्हणाला, तू तरी सांग त्यांना... आता नको."

आपण रोज एका माणसाला मारण्यासाठीच जिवंत करत होतो! पंक्चरवाल्याला स्वतःची शिसारी आली.

"ते पानच पुसून टाकतो," तो म्हणाला. "तू घरी जा. सरळ ताईकडे."

"कपडे बदलून निघतो." मेहुणा खाली गेला. कपडे बदलायची खोली प्रेसच्या पलीकडे होती.

पंक्चरवाल्याने पान पुसलं. पानावर दुसरी नोंद फक्त मेहुण्याची होती. तीही गेली, म्हणून त्याने ती हाताने पुन्हा भरली. कारखान्याची रीत अशी, की क्रमांक वाया घालवायचा नाही. नव्या नोंदीला पहिला रिकामा क्रमांक आपोआप मिळायचा. पंक्चरवाल्याने तपासणी लावली. एकही चूक नाही! त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि डबा उघडला.

मग त्याची नजर मेहुण्याच्या नव्या क्रमांकावर गेली. तो पहिलवानाचा होता.

अपघातांचा तक्ता वेगळा असायचा. त्यात नाव नसायचं, फक्त क्रमांक. नाव त्यावरून जोडलं जायचं. तिथली पहिलवानाची नोंद पुसायची राहिली होती. त्याने ती उघडली. पहिलवानाच्या जागी मेहुण्याचं नाव आलं होतं. पुढे लिहिलं होतं: उजवा हात, खांदा, डोकं. मृत.

"प्रेसजवळ जाऊ नकोस!" तो ओरडत जिन्याकडे धावला.

खाली प्रेस आपटली. मेहुण्याची किंकाळी अर्ध्यातच तुटली. पंक्चरवाला पोचला तेव्हा भिंतीवर रक्त उडालं होतं आणि प्रेसबाहेर नुसतं डावं मनगट उरलं होतं, पाच बोटांच्या वळांसकट. मेन स्विच बंद होता.

आठवड्याभराने नवं पान नासलं. या वेळी मेहुण्याच्या नोंदीपाशी. पंक्चरवाल्याने बायकोला सगळं सांगून टाकलं होतं. ती हट्टाने त्याच्याबरोबर कारखान्यात आली आणि त्याच्या मागे उभी राहिली.

"अहो, त्या जुन्या बॅकअपमध्ये तोही जिवंत आहे ना? आणा त्याला. मला नुसतं बघायचंय."

"पुन्हा चेचला जाईल गं तो..."

"एकदाच."

तिचा चेहरा त्याला बघवेना. त्याने बोट बटणावर ठेवलं. तेवढ्यात खालून, बंद असलेल्या प्रेसकडून ओळखीचा आवाज आला, अगदी हळू.

"भाऊजी... ताईला खाली येऊ देऊ नका..."

त्याने मागे वळून पाहिलं. ती केव्हाच जिना उतरायला लागली होती.

आणि बटण त्याने अजून दाबलेलंच नव्हतं.