एक श्वास आधी

मिरजेच्या श्रवणविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी करंदीकर निवांत बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिच्या पायाला भिंगरीच होती. चहा अर्धा टाकायचा, समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडायचं आणि पुढच्या कामाकडे पळायचं. अशा बाईने लोक किती मन लावून ऐकतात ते मोजणारं यंत्र बनवावं, यावर प्रयोगशाळेत पुष्कळ थट्टा झाली होती. त्या शनिवारी तर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"पुन्हा तेच, सर," ती येरझारा घालत म्हणाली. "बाबा कविता म्हणायला उभे राहिले आणि अख्खं दालन विझलं."

श्वसनाचे तज्ज्ञ मुजावर सर पडद्यावरचा आलेख पाहत होते. यंत्र शर्वाणीचं होतं, पण त्यामागची कल्पना दोघांची होती.

त्याचं नाव अवधानदीप. माणूस बोलताना प्रत्येक ओळीआधी श्वास घेतो, आणि मन लावून ऐकणाऱ्याचा श्वास नकळत त्याच्या मागोमाग चालू लागतो. ज्याचं लक्ष नाही, त्याचा श्वास आपल्याच चालीने चालतो. खुर्चीच्या पाठीत बसवलेला श्वासवेधी पट्टा हा फरक टिपायचा. माणूस ऐकत असेल तर खुर्चीच्या मागच्या बाजूला हिरवा दिवा लागायचा, नसेल तर अंधार.

सांगलीच्या वाचनालयाच्या दालनासाठी हल्ली झुंबड असे. गिटारवाले, गझलवाले, हसवणारे, सगळ्यांना संध्याकाळ हवी होती. ज्यांना लोक खरोखर ऐकतात त्यांनाच दालन द्यायचं, असं सभागृह समितीने ठरवलं आणि शर्वाणीचं यंत्र मोठ्या हौसेने बसवून घेतलं. रविवारच्या काव्यकट्ट्यावर दिवे ठीक लागत. पण सगळ्यात शेवटी तिचे वडील, दिनानाथ करंदीकर, उभे राहिले की काळोख. शेवटचे कवी वगळा, नाहीतर दालन सोडा, असा समितीचा निरोप आला होता. उद्या समिती स्वतः येऊन पाहणार होती. बाबांना थांबायला सांगायचं काम शर्वाणीवर आलं होतं आणि सकाळपासून तिची जीभ रेटत नव्हती.

"जो श्वास मागून येतो तेवढाच तुझं यंत्र मोजतं," मुजावर सर सावकाश म्हणाले. "पण मी कव्वालीला बसतो ना, तेव्हा ओळ पाठ असली की माझा श्वास गाणाऱ्याच्या आधी येतो. तुझ्या यंत्राने मला लक्ष नसलेला ठरवलं असतं."

शर्वाणी थबकली. तिने घाईघाईने तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीची नोंद उघडली. तिथे आई बसायची. आईसुद्धा बाबांना ऐकत नाही, हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

आलेख पुढे सरकवल्यावर सगळं जुळलं. आईचा श्वास प्रत्येक ओळीला बाबांच्या आधी होता.

"पण ही कविता नवी होती! बाबांनी तसं जाहीर केलं होतं. आईला ती पाठ कशी?"

"असं कर, बाकीच्या खुर्च्याही..." सर सांगत होते, तोवर ती स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडली होती.

वाटेत तिच्या डोक्यात एकच विचार घोंघावत होता. कविता आईच्या आहेत. बाबा त्या स्वतःच्या म्हणून खपवतात.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. शर्वाणीने उभ्याउभ्याच विचारलं, "आई, बाबांच्या कविता तू लिहितेस?"

कुमुदिनीबाई आधी हसल्या. "मी? मला साधा उखाणा जुळत नाही गं." मग त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहून आवाज खाली आणला. "कविता त्यांच्याच. सकाळी सुचतात तेव्हा अगदी लख्ख असतात. दुपारी विचारलं तर म्हणतात, कुठली कविता? म्हणून मी लगेच लिहून ठेवते आणि पाठ करते. रविवारी समोर बसते आणि ओठ हलवते. ते बघून म्हणतात."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला घेतलं होतं की. दर वेळी तू चप्पल घालत होतीस."

"मग त्यांना कागद बघून वाचू दे ना!"

"कट्ट्यावर कागद?" आईने जुडी बाजूला ठेवली. "कागदबंदी त्यांनीच आणलेली. कागद काढणाऱ्याने सगळ्यांना भजी खिलवायची. भज्यांचं काही नाही गं. पण कागद हातात आला की तो कशासाठी आला, हे त्यांना रोज कळेल."

शर्वाणी बाबांना न भेटताच प्रयोगशाळेत परत गेली. तिने यंत्राला नवी खूण शिकवली. ज्याचा श्वास बोलणाऱ्याच्या पुढे चालतो, त्याच्या खुर्चीमागे पिवळा दिवा. आईची तरी खुर्ची उजळेल. एका दिव्याने समितीचं मन वळणार नाही हे तिला कळत होतं, पण हातावर हात ठेवून बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

रविवारी ती समितीच्या चिटणीसांबरोबर शेवटच्या रांगेत बसली. खुर्च्यांचे दिवे तिथूनच दिसत. कविता होत गेल्या, हिरवे दिवे लागत विझत राहिले. शर्वाणीचा पाय सारखा हलत होता. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्या सुलभाताई नलावडे यांनी दिनानाथांचं नाव पुकारलं.

बाबा रिकाम्या हातांनी ध्वनिक्षेपकासमोर आले. तिसऱ्या रांगेत पिवळा दिवा लागला.

"विहिरीत वाकून नाव सांगितलं,
तिनं ते जपून ठेवलं..."

आणि मग त्यांची नजर आईवरून सरकली. ते उजवीकडे, खिडकीजवळच्या रांगेकडे पाहू लागले. तिकडे पाहताना आई दिसणं शक्यच नव्हतं. शर्वाणीने खुर्चीचा हात घट्ट धरला. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

खिडकीजवळ एक पिवळा दिवा लागला. बाबांनी पुढची ओळ म्हटली. ते डावीकडे वळले, तिथेही पिवळा. बघता बघता प्रत्येक रांग पिवळी झाली. बाबा जिकडे पाहत, तिकडे कुणी ना कुणी ओठ हलवत होतं.

"हा पिवळा कशाचा?" चिटणीसांनी कुजबुजत विचारलं.

"त्यांना पुढची ओळ आधीच ठाऊक असल्याचा," शर्वाणी कशीबशी म्हणाली. मागच्या सगळ्या रविवारी हेच लोक तिच्या यंत्राने न ऐकणारे ठरवले होते.

टाळ्या थांबल्यावर सुलभाताई मागे आल्या. "कुमुदताई दर गुरुवारी आम्हा सगळ्यांना फोनवर कविता म्हणून दाखवतात. एकटीच्या ओठांवर भागेना. दिनानाथसरांची नजर कुठेही जाते ना."

मधेच उठून मागच्या भिंतीशी उभे राहिलेले चिटणीस खूश होते. "दालन तुमचंच. असं ऐकणं मी पाहिलं नाही. फक्त ही एक खुर्ची तेवढी शेवटपर्यंत काळी राहिली. तुम्हीच होतात ना इथे?"

शर्वाणीने मान वळवून पाहिलं. ती तिचीच खुर्ची होती. सगळा वेळ ती दिवे पाहत होती. पहिल्या दोन ओळींपुढे कवितेत काय होतं, हे तिला सांगता आलं नसतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाबा सावकाश तिच्यापाशी आले. "कशी झाली?"

"मी ऐकलीच नाही, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

बाबांनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्याकडे झुकले.

"मग गुरुवारी तूही फोन घे," ते हळूच म्हणाले. "आई सगळ्यांना म्हणून दाखवते. पण मला हे ठाऊक आहे, असं तिला सांगू नकोस हं."