दोन सह्यांची भिंत

दारात आलेल्या माणसाने सवयीने आधी बूट काढले, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि मान वर केली. मग तो तसाच थिजला, एका हातात मोजा धरून.

"इथे... भिंत होती," तो म्हणाला.

"होती ना!" विटांच्या ढिगाऱ्यात उभी राहून ती उत्साहाने म्हणाली. "आता स्वयंपाकघरात बघा कसा उजेड आलाय! तुम्ही मालकीणबाईंचे भाऊ का?"

"मी इथे राहतो."

"चौथ्या मजल्यावर?"

"तिसऱ्या. हा तिसरा मजला आहे."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. लिफ्ट बंद होती म्हणून ती जिने मोजत आली होती आणि तळमजल्यालाच तिने एक धरलं होतं. त्या इमारतीतली सगळी घरं एकाच नकाशाची. चावी कुंडीखाली असेल, असं चौथ्या मजल्याच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या. ती इथेही कुंडीखालीच सापडली. तो नुकताच राहायला आला होता; हॉलमधले त्याचे अजून न सोडलेले खोके बघून तिला वाटलं, बाईंनी सामान हलवलंच नाही. मिस्त्रीकाकांनी हातोडा हळूच खाली ठेवला आणि आपला या बाईशी काही संबंधच नसल्यासारखे ते खिडकीबाहेर बघू लागले.

घरं सजवून द्यायचा तिचा व्यवसाय जेमतेम दोन वर्षांचा. वडिलांच्या घरातली पुढची खोली हेच ऑफिस, आणि दारावरची पाटी तिनेच रंगवलेली. या माणसाने नुसती आरडाओरड केली असती, तरी इमारतीतलं एकही काम तिला मिळालं नसतं. पाटी उतरवावी लागली असती.

"तुम्ही... ओरडणार आहात का?" तिने विचारलं.

"विचार करतोय." त्याने मोज्याची नीट घडी घातली. "मी शाळेत भूगोल शिकवतो. आठ दिवस चाळीस मुलांची सहल सांभाळून आलोय. माझा ओरडायचा साठा संपलाय." मग तो क्षणभर त्या उजेडाकडे बघत राहिला. "भिंत परत बांधून द्या. होती तशीच."

दुसऱ्या दिवशी ती आली ती वहीत नवा नियम लिहूनच. यापुढे कुठलीही भिंत पाडण्याआधी मालकाने स्वतःच्या हाताने तिच्यावर खडूने 'पाडा' लिहायचं आणि खाली सही करायची.

"दोघांचं घर असेल तर?" सरांनी वाचून विचारलं.

"दोन सह्या. दोघांचं एकमत झाल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही."

"आणि एकटाच असेल तर?"

"मग एकच सही. सोपं काम."

"सोपं खरं," सर म्हणाले आणि उगाच वहीची पानं चाळत बसले.

भिंत चढू लागली. सर शाळेतून येऊन ओट्यावर वह्या तपासत, ती हॉलमध्ये उभी राहून काम बघे. भिंत कमरेइतकी होती तेव्हा त्यांनी तिला चहाचा कप वरून दिला. छातीइतकी झाली, तेव्हा एका मुलाने नदी डोंगरावर चढवली होती ते वाचून दाखवलं आणि ती हसून हसून ओल्या सिमेंटला टेकली. मग एक दिवस सरांना तिचे फक्त डोळे दिसत होते. त्या दिवशी एकही वही तपासून झाली नाही.

"ताई, आज तीन थर रचू?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"एकच रचा," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. हे काय बोललो आपण? काकांनी मिशीतल्या मिशीत हसून थापी उचलली.

दुसऱ्या दिवशी सर भिंतीपलीकडे स्टुलावर चढून उभे होते. "उंचावरून... वारा चांगला येतो," ते म्हणाले. घरात वाऱ्याची झुळूकही नव्हती.

पण भिंत ती भिंत, एक दिवस छताला टेकलीच. गिलावा झाला, रंग झाला. काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन ती शेवटची आली तेव्हा तिचा पायच उचलत नव्हता. आता इथे यायला निमित्त उरलं नव्हतं.

दार उघडलं आणि तिने किंकाळीच फोडली.

कोऱ्या करकरीत रंगावर मोठ्या सुवाच्य अक्षरात खडूने लिहिलं होतं – पाडा. खाली सरांची सही.

"सर! वेड लागलंय का तुम्हाला? कालच रंग दिलाय! काय चुकलं?"

"काहीच नाही. पण भिंत नकोय. पहिल्याच दिवशी तो उजेड मला आवडला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ढिगारा उचलून तुम्ही चौथ्या मजल्यावर गेला असता..." सरांचे कान लाल झाले होते. "आणि आता पलीकडून तुम्ही दिसत नाही. मला नाही राहवत."

तिला रागवायचं होतं. सव्वा महिना! काकांची कंबर! पण तेवढ्यात तिला दिसलं, सहीखाली पट्टीने आखलेली एक रिकामी रेघ होती.

"ही कसली?"

"दुसऱ्या सहीची. नियम तुमचाच आहे."

"पण घर तर एकट्याचं..."

"तेच तर विचारतोय. दोघांचं कराल?"

ती वळली आणि दाराबाहेर गेली. सर खडू हातात धरून भिंतीपाशी उभे राहिले, चेहरा पांढराफटक. जिन्यावरून तिची पावलं खाली गेली, पार तळापर्यंत. मग थांबली... आणि मोठ्याने मोजत वर येऊ लागली.

"तळमजला – शून्य! एक! दोन!"

ती दारात आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"तिसराच आहे," ती म्हणाली. "द्या तो खडू."